नऊ मिनिटांचा ट्रॅक आणि तो ऐकणारी माणसं

मिनिटाला १४५ ठोके. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ४१४ मिलिसेकंद. त्याचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला १०३ मिलिसेकंद येतात. पहिल्या भागात किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, उरलेल्या तीन भागांत बेसचे, म्हणजे खालच्या सुराचे, तीन स्वर. सायकेडेलिक ट्रान्सचा, म्हणजे रात्रभर नाचण्यासाठी यंत्रांवर रचलेल्या संगीताचा, सगळा डोलारा एवढ्याशा जागेवर उभा असतो. किकची शेपटी दहा-वीस मिलिसेकंदांनी जरी लांबली, तरी ती पहिल्या बेसवर चढते आणि दोघांचा गाळ होतो. शेपटी जास्त कापली, तर ठोका पोकळ वाटतो. वर कितीही सुंदर सूर गुंफा, तळ बसला नसेल तर नाचणाऱ्याच्या पायाला ते लगेच कळतं.

मी हे संगीत करते. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात, निर्यातीच्या कागदपत्रांची. घर जुळे सोलापुरात. संध्याकाळी जेवणं उरकली, गल्ली शांत झाली की लॅपटॉप उघडायचा आणि तळ बसवायला घ्यायचा. कितीतरी रात्री फक्त किक आणि बेस यांच्यातच जातात, आणि त्या रात्री मला सगळ्यात आवडतात.

किक म्हणजे काय, तर काही हजार हर्ट्झवरून डोळ्याचं पातं लवायच्या आत पन्नासच्या आसपास घसरलेला एक स्वर. बेस बहुतेक वेळा सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या, लाटेचा असतो. फिल्टर लावून तिचा वरचा भाग कापायचा आणि स्वर असा आखूड करायचा की पुढचा यायच्या आत मागचा संपलेला असेल. प्रत्येक स्वर सुरू होताना लाट नेमक्या त्याच बिंदूपासून निघायला हवी. नाहीतर एक बेस जाड लागतो, दुसरा पातळ, आणि त्या सलग धावण्यात खड्डे पडतात. किक आणि बेस सुरातही जुळावे लागतात. माझे बरेच ट्रॅक एफमध्ये असतात, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चार. त्या स्वराचा खालचा बेस जवळपास ४४ हर्ट्झचा.

आता ४४ हर्ट्झची लाट हवेत जवळजवळ आठ मीटर लांब असते, आणि माझी खोली आहे दहा बाय अकरा फुटांची. एवढी लांब लाट त्या खोलीत मोकळी फिरूच शकत नाही. भिंतींवर आपटून परत येते, स्वतःलाच कुठे वाढवते, कुठे पुसून टाकते. कोपऱ्यात उभं राहिलं की बेस छातीवर बसतो, खोलीच्या मध्यावर आलं की गायब. भिंतींना मी कारखान्यातले दुय्यम प्रतीचे टॉवेल दुहेरी टांगले आहेत. त्यांनी वरचे टोकदार आवाज शोषले, खोलीतला खणखणाट गेला, पण खालच्या लाटेला कापडाचं काहीच वाटत नाही. ती सरळ पलीकडे जाते. म्हणून माझं बरंचसं काम हेडफोनवर चालतं. आणि एप्रिल-मेमध्ये, पारा ४३ वर गेलेला असताना, पंखा बंद करून कानाला हेडफोन लावून बसणं हे सोलापूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

हेडफोनवर जे कळत नाही ते मला विजापूर रोडवरच्या एका गोडाउनमध्ये कळतं. तिथे एक मामा आहेत. वराती, मिरवणुका, जयंत्या यांना साउंड पुरवायचा त्यांचा धंदा. पांढरी टोपी, तोंडात कायम बडीशेप. एका नातेवाइकाच्या लग्नात ओळख झाली आणि मी विचारलं, की दुपारी सिस्टिम रिकामी असेल तेव्हा माझं एक गाणं लावून बघू का. त्यांनी अठरा इंची बेसचे दोनच बॉक्स जोडले, शटर अर्धं ओढलं आणि आवाज बेताचा ठेवून माझा ट्रॅक लावला. डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग म्हणाले, “ताई, ठोका पोटात बसायलाय बगा. पण त्याच्या मागनं ते गुरगुर येतंय न्हवं, त्यातलं एक येतंय, एक येईना.”

तीन स्वरांपैकी मधला दबत होता. ज्याला माझ्या संगीताचं नावही माहीत नाही, अशा माणसाने एका ऐकण्यात ते पकडलं. सोलापूरला बेस शिकवावा लागत नाही, असं मला मनापासून वाटतं. गणपती असो की जयंती, मिरवणुकीच्या पुढे हलगी, घुमकं, कैताळ ऐकत इथली पोरं वाढतात, मग लेझीमचा ताल अंगात भिनतो, मग ते ट्रकवर रचलेले बॉक्स. मोठ्या आवाजाचा त्रासही इथल्या म्हाताऱ्या माणसांनी, तान्ह्या मुलांनी भरपूर सोसला आहे. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर नको, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला निर्बंध मला योग्यच वाटतो. मी गोडाउनमध्ये ऐकते ते दुपारी आणि शटर ओढून. पण खालच्या सुरांची जाण या गावात आहे, आणि ती जाण नसलेल्या गावात बसून मी हे संगीत करू शकले असते का, याची मला खात्री नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मला सतत विचारलं जातं की याचं प्रमोशन कसं करतेस. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रील असते, फॉलोअर असतात, लाखाचे आकडे असतात. त्यांना उत्तर देताना मला या संगीताच्या जन्माकडेच जावं लागतं.

रोलंड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा, एवढाच हेतू. खऱ्या बेस गिटारसारखं ते मुळीच वाजेना. तीनेक वर्षांत कंपनीने ते बंद केलं आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. मग शिकागोच्या पोरांनी ते वाजता वाजता त्याच्या फिल्टरचे नॉब पिळून काढले आणि ॲसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत जन्मलं. पुढे गोव्याच्या ट्रान्समध्ये तोच चिरकता, वळवळता आवाज सगळीकडे आला. पण शिकागोच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तेच यंत्र आणि टीआर-८०८ हे ठोक्यांचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले होते. त्या वेळी फारसं कुणी ऐकलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ती तबकडी पुन्हा काढली आणि जगभरचे लोक थक्क झाले. चरणजित सिंग तेव्हा हयात होते, नंतर त्यांनी परदेशांत कार्यक्रमही केले. २०१५ मध्ये ते गेले. मी ते रेकॉर्डिंग ऐकते तेव्हा मला त्यातला भैरव ऐकू येतो आणि मधली ती अठ्ठावीस वर्षंही ऐकू येतात.

गोव्यात नव्वदच्या दशकात या संगीताचा प्रसार कसा झाला? हातोहात. अंजुण्याच्या किनाऱ्यावर उन्हात, धुळीत तबकड्या टिकेनात, म्हणून डीजे डॅट या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे. गोवा गिल हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेला हा माणूस विशीच्या उंबरठ्यावर भारतात आला, चोवीस-चोवीस तास सलग वाजवण्याबद्दल जगभर ओळखला गेला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात गेला. शेवटपर्यंत त्याने डॅट सोडली नाही. त्या डॅट मशीनवर वेग कमी-जास्त करता येत नसे. दोन ट्रॅक ठोक्याला ठोका लावून जुळवता येत नसत. म्हणून संगीतकार सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब, तरंगते भाग ठेवायचे. एका ट्रॅकचं तरंगणं संपता संपता दुसऱ्याचं सुरू. संगीतकार आपली नवी, अजून कुठेही न निघालेली टेप डीजेच्या हातात द्यायचा, डीजे ती दुसऱ्या डीजेशी अदलाबदल करायचा. लंडन, तेल अवीव, गोवा. लेबलं नंतर आली. १९९३-९४ च्या सुमाराला ड्रॅगनफ्लाय, टिप अशी नावं दिसू लागली, पण टेपा त्याआधीच फिरत होत्या.

म्हणजे हा ट्रॅक मुळात एकट्याने पूर्ण होणारी वस्तूच नव्हे. तो रात्रीचा एक तुकडा आहे. कुणीतरी तो आपल्या रात्रीत कुठे बसतो ते ओळखून, आधी काय आणि नंतर काय याचा विचार करून वाजवतो, तेव्हा तो पूर्ण होतो. मला प्रमोशन म्हणजे त्या माणसापर्यंत पोचणं, एवढंच कळतं.

ही गोष्ट मला गोंधळाने शिकवली. आमच्याकडे घरात लग्न झालं की गोंधळ घालतात. चौक भरलेला, दिवटी पेटलेली, संबळ, तुणतुणं, झांज. गोंधळी आधी एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन बोलावतात. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. बराच वेळ हे आवाहनच चालतं. कुणी म्हणत नाही की आता पुढे सरका, मुद्द्यावर या. कारण आवाहन हाच मुद्दा असतो. हळूहळू संबळ चढत जातो, आख्यान रंगतं, मध्येच विनोद होतो, लहान मुलं मांडीवर झोपून जातात, आणि पहाटेच्या सुमाराला आरतीला सगळे उठून उभे राहतात तेव्हा घरातली हवाच बदललेली असते. कोणत्या क्षणी बदलली, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

सायकेडेलिक ट्रान्सचा ट्रॅकही असाच चढतो. चार ठोक्यांचं एक आवर्तन, सोळा किंवा बत्तीस आवर्तनं झाली की काहीतरी एक नवं येतं: एक हायहॅट (ड्रमच्या झांजेचा आवाज), एखादा दुरून येणारा आवाज, फिल्टरचं हळू उघडणं. नऊ मिनिटांत सव्वातीनशेच्या आसपास आवर्तनं होतात. ऐकणाऱ्याच्या कानाला बदल जाणवण्याआधी अंगाला जाणवावा, एवढा तो सावकाश करायचा.

आणि इथेच स्ट्रीमिंगशी माझं जमत नाही. स्पॉटिफायवर तिसाव्या सेकंदाला एक प्ले मोजला जातो. १४५ च्या लयीत सोळा आवर्तनं संपायला साडेसव्वीस सेकंद लागतात. म्हणजे माझा पहिला पदर नुकताच संपून दुसरा उघडतोय तोवर हिशेब पूर्ण! पुढची साडेआठ मिनिटं कुणी ऐकली काय, न ऐकली काय, दोन मिनिटांच्या गाण्याला आणि नऊ मिनिटांच्या ट्रॅकला मोजमाप एकच. शिवाय २०२४ पासून तिथे असा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले झाले नसतील, तर त्या ट्रॅकला काहीच पैसे नाहीत. मला अनेकांनी सुचवलं की ट्रॅक तीन मिनिटांचा कर, सगळा जोर पहिल्या दहा सेकंदांत आण. काही जण सरळ प्ले विकायला आले, अमुक रुपयांत दहा हजार. असे खोटे प्ले पकडले गेले की ट्रॅक उतरवला जातो, हा धोका आहेच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या दहा हजारांत एकही कान नसतो. मी रात्र रात्र १०३ मिलिसेकंदांसाठी बसते, ती कानांसाठी बसते. म्हणून मी लांबी कमी करत नाही. तिथे ट्रॅक ठेवते, कारण काही लोक तिथेच शोधतात. त्याच्या आकड्यांकडे मात्र मी रोज बघत नाही.

माझा खरा रस्ता दुसरा आहे. ट्रॅक झाला की मी त्याची डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाची, फाइल आणि एक खासगी लिंक करते. मग ज्यांचे सेट, म्हणजे एका बैठकीत सलग वाजवलेले ट्रॅक, मी पूर्ण ऐकले आहेत, अशाच डीजेंना लिहिते. प्रत्येकाला वेगळं पत्र. तुमच्या अमुक सेटमध्ये पहाटेच्या सुमाराला जो थंड, मोकळा भाग आहे, त्याच्या आसपास हा बसेल असं वाटतं, लय १४५, सूर एफ. एवढंच. स्वतःची लांब ओळख नाही, विशेषणं नाहीत. बऱ्याच जणांकडून उत्तर येत नाही. ज्यांच्याकडून येतं ते असं येतं की जपून ठेवावं. पुण्याच्या एका डीजेने लिहिलं होतं की पाचव्या मिनिटाला तुझा बेस दोन आवर्तनं थांबतो तिथे मी दुसरा ट्रॅक आत आणला, लोकांना कळलंच नाही. माझ्यासाठी याहून मोठी दाद नाही.

दुसरा दरवाजा म्हणजे लेबलांचे संग्रह. या क्षेत्रात एकट्याच्या अल्बमआधी बहुतेक जण अशा संग्रहांतूनच लोकांपुढे येतात: आठ-दहा संगीतकार, प्रत्येकाचा एक ट्रॅक, एक मुखपृष्ठ. पैसे नगण्य. पण आपला ट्रॅक कुणाच्या शेजारी बसला आहे, यावरून ऐकणाऱ्याला आपली ओळख होते. लेबलला पाठवताना मास्टर न केलेली, म्हणजे आवाजावर शेवटचा हात न फिरवलेली, फाइल द्यायची, आवाजाला वर थोडी मोकळी जागा ठेवून, कारण सगळे ट्रॅक एका हाताने मास्टर झाले तरच संग्रह एकसंध वाजतो. कागद मात्र नीट वाचायचा. हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी, नंतर परत मिळणार की नाही. निर्यातीच्या कागदपत्रांत रोज बुडालेली असल्याने मला याचा कंटाळा येत नाही, आणि तरुण मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.

तिसरा बँडकॅम्प, संगीतकाराने आपलं संगीत थेट विकायची वेबसाइट. तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतात, बाकी आपले. त्यातून पैसे हस्तांतराचा खर्च जातो. ऐकणाऱ्याला वाटलं तर तो सांगितलेल्या किमतीहून जास्त देऊ शकतो. आणि विकत घेणाऱ्याचं नाव दिसतं! पोलंडमधला कुणीतरी, ब्राझीलमधली कुणीतरी. त्यांना मी स्वतः आभाराचं लिहिते. एकट्या खोलीत केलेली वस्तू कुणाच्या हातात गेली हे कळणं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. कॉलेजात असताना एक्टोप्लाझमवरून, कॅनडातल्या एका डीजेने चालवलेल्या त्या विनामूल्य संग्रहावरून, मी नेट कॅफेत बसून अल्बम उतरवून घेत असे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे मोकळेपणाने वाटायची मुभा देणाऱ्या, परवान्याखाली, एक पैसा न देता. माझं सगळं शिक्षण तिथलं. म्हणून माझेही जुने ट्रॅक मी ‘वाटेल ते द्या’ या किमतीवर ठेवले आहेत, शून्यसुद्धा चालतं.

बाहेरच्या लोकांकडून एक मागणी नेहमी येते: तू सोलापूरची, तर पॉवरलूमचा आवाज घाल, देवळातली घंटा घाल, संबळ घाल. या संगीताला ती सवय जुनी आहे. ओम, शंकर, मंत्रांचे तुकडे यांनी भरलेले कितीतरी ट्रॅक निघाले, आणि ते करणाऱ्या अनेकांना त्या मंत्राचा अर्थही ठाऊक नव्हता. मला ते टोचतं. गोव्याच्या जुन्या ट्रान्समध्ये कोमल रिषभ वारंवार भेटतो, पाश्चात्त्यांच्या फ्रिजियन सप्तकाचे स्वर आपल्या भैरवीचेच. पण भैरवी म्हणजे नुसते स्वर नव्हेत, त्यातलं चलन हवं. तसंच गावाचं आहे. साखर पेठेतल्या एका शेडमध्ये मी लूमचं रेकॉर्डिंग केलं आहे, मालकांनी प्रेमाने करू दिलं. त्यातला धोटा मागाच्या पेटीवर आदळतो तो एकच कोरडा टक्का मी घेतला, हायहॅटच्या खाली ठेवला. कुणाला तो ओळखू येत नाही, येऊ नये. सोलापूर माझ्या ट्रॅकमध्ये असेल तर ते त्या चढत जाण्यात असेल, आवाहनाला दिलेल्या वेळात असेल. ते ऐकणाऱ्याला सांगायची गरज मला वाटत नाही.

नशेबद्दलही बोललंच पाहिजे. नातेवाईक दबक्या आवाजात आईला विचारतात. या संगीताच्या नावातच सायकेडेलिक आहे, एलएसडीचा आणि गोव्याच्या पार्ट्यांचा संबंध इतिहासात आहे, तो लपवणं खोटेपणाचं होईल. पण मी हे संगीत करते आणि ऐकते ते शुद्धीत. पंढरीच्या वाटेवर पखवाजाच्या द्रुत लयीत माणसं तासन् तास नाचतात, त्यांना तुळशीमाळेशिवाय काही लागत नाही. लयीतच ती ताकद आहे, आणि त्या ताकदीचं श्रेय एखाद्या गोळीला देणं हा मला लयीचा अपमान वाटतो. या पार्ट्यांत मुलांचे जीव गेले आहेत. त्यामुळे या विषयावर मी गुळमुळीत बोलत नाही: लांब राहा. आईने एकदा हेडफोन लावून पूर्ण ट्रॅक ऐकला. “यात शब्द कुठायत गं?” हा तिचा पहिला प्रश्न. नंतर म्हणाली की मध्ये एका ठिकाणी दार उघडल्यासारखं झालं. ते पाचव्या मिनिटाचंच ठिकाण होतं.

मागच्या महिन्यात बार्शीच्या एका मुलाचा मेसेज आला. बारावीला आहे, मोबाइलवरच एफएल स्टुडिओ या संगीत रचायच्या ॲपमध्ये ट्रॅक करतो. ताई, ऐकाल का, असं विचारून त्याने फाइल पाठवली. रविवारी दुपारी ती मी गोडाउनमध्ये मामांच्या बॉक्सवर लावली. मामांनी नेहमीसारखे डोळे मिटले. किक थोडी लांब आहे, पहिल्या बेसवर चढते, ते त्याला समजावून सांगितलं आणि माझ्या प्रोजेक्टमधली किक त्याला पाठवली, तुलना करायला. पण तिसऱ्या ते सहाव्या मिनिटापर्यंत त्याने एकच सूर धरून फक्त फिल्टर हलवत ठेवला आहे, इतका सावकाश, की त्या वयात एवढा धीर कुठून आला असं वाटावं. त्याच्या मित्रांनी तो भाग कापायला सांगितला होता म्हणे. मी लिहिलं, तेवढा भाग आहे तसाच राहू दे. किक नीट करून त्याने परवा नवी फाइल दिली, ती मी काल पुण्याच्या त्या डीजेला पाठवली आहे, लय १४८, सूर जी, सोबत त्या मुलाचा पत्ता, म्हणजे उत्तर आलं तर थेट त्याच्याकडे जाईल.